ईट–सोलापूर, मार्गे रक्ततपासणी

एसटीत कंडक्टर होते तेव्हा रोज ढिगानं माणसं भेटायची, पण किस्से फारसे साठले नाहीत. माणूस तिकीट घेतो, गाव आलं की उतरतो. त्याचं पुढं काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. किस्सा साठायचा तर तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. ती सोय मला आजारानं करून दिली.

आम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात नेणारी सादिकभाईची भाड्याची गाडी ईटहून निघते. तिथं बिरूआप्पा चढतात. सारी हयात मेंढरांमागं गेलेला, सत्तरीला टेकलेला माणूस. डोक्याला पटका, अंगावर घोंगडं, आणि बोलणं मोजकं. भूमला नवनाथ चढतो. त्याची खव्याची भट्टी आहे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, पण भट्टीसमोर उभं राहून चेहरा रापलेला. मग येरमाळ्याला हायवेवर मी. माझं नाव सुमन, पण या गाडीत मी नुसती ताई.

आम्हा तिघांनाही मूत्राशयाचा कॅन्सर. तिघांचंही मूत्राशय काढून टाकलंय. पोटावर उजवीकडं एक बारीक तोंड केलंय आणि त्याला पिशवी चिकटवलीय, लघवी तिच्यात जमते. आप्पांची आणि नवनाथची बिडी होती. मला कसलंच व्यसन नव्हतं. लघवीला लाल दिसलं तेव्हा आपण ड्युटीवर पाणी कमी पितो म्हणून उन्हाळी लागली असेल असं वाटलं आणि मी बरेच महिने धने-जिऱ्याचं पाणी पीत बसले. बायकांचं बहुतेक असंच होतं, असं नंतर डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

जाताना आमची गाडी गप्प असते. येताना मात्र तिला आवरता येत नाही. पुढचं सगळं येतानाच्या गप्पांतलं आहे.

*

ऑपरेशनच्या जखमा भरल्यावर मॅडमनी आम्हाला एकदमच केबिनमध्ये बसवलं. मॅडम वयानं लहान, पण घाईत कधीच नसतात.

म्हणाल्या, "गाठ काढली. स्कॅनच्या फोटोत आता काही दिसत नाही. पण डोळ्याला दिसणार नाही एवढं कुठं उरलं असेल, तर त्याच्या पेशी मरताना डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सांडतात. प्रत्येकाच्या गाठीची खूण वेगळी असते. ती खूण आपण गाठीवरून काढून ठेवायची आणि दर काही महिन्यांनी रक्तात शोधायची. सापडली तर वाट न बघता औषध सुरू करायचं. नाही सापडली तर उगाच औषधाचा त्रास द्यायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं."

आम्ही तिघांनी माना हलवल्या. मॅडम म्हणाल्या, "काय समजलं ते सांगा बघू."

नवनाथ म्हणाला, "दूध खाली लागलं की वरनं दिसत नाही, पण वास येतो. तसं."

मी म्हणाले, "बिनतिकिटाचा माणूस गर्दीत दिसत नाही, पण मोजणी जुळत नाही. तसं."

आप्पा उशिरा बोलले. "लांडगा दिसत न्हाय, पर पाय उमटल्यात."

मॅडम हसल्या. "तिघांचंही जवळपास बरोबर आहे. फक्त एक लक्षात ठेवा. लांडगा कुठं आहे ते या तपासणीला सांगता येत नाही. आहे, एवढंच सांगते. आणि तपासणी नवी आहे, कधी कधी चुकतेही."

आप्पा म्हणाले, "म्हंजी हाय म्हणून सांगणार, कुठं हाय ते न्हाय सांगणार. मंग झोप कशी लागायची, मॅडम?"

 

*

खूण काढायची तर मूळ गाठीचा तुकडा लागतो. तो मेणाच्या छोट्या वडीत घालून लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. माझी आणि आप्पांची वडी सोलापुरातच होती. नवनाथची पहिली तपासणी बार्शीला झालेली, म्हणून त्याची वडी तिथं. ती स्वतः घेऊन या, असं मॅडमनी त्याला सांगितलं.

दिवस उन्हाळ्याचे. मेण वितळलं तर? नवनाथला दुसरं काय सुचणार? त्यानं खव्याचा छोटा डबा घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, आत वडीची पुडी ठेवली आणि बार्शीहून एसटीनं सोलापूरला निघाला.

आता हा माणूस त्या रस्त्यावर खवेवाला म्हणून ओळखीचा. शेजारी एक म्हातारी बसली. तिनं डब्याकडं बघितलं, ओलं फडकं बघितलं, आणि म्हणाली, "भूमचा का रं? ताजा हाय का?"

नवनाथ म्हणाला, "व्हय, भूमचाच."

"मंग दे की जराक. नातीचं डोहाळजेवण हाय. पेढं करते."

नवनाथ सांगतो, त्या क्षणी मला रडू येतंय का हसू तेच कळेना. गाठ आपलीच, आपणच मांडीवर घेऊन बसलोय, आणि हिला तिचे पेढे करायचेत.

त्यानं डबा जवळ ओढला आणि म्हणाला, "मावशी, ह्यो विकायचा न्हाय. घरचा हाय."

*

नमुने गेल्यावर रिपोर्टला काही आठवडे लागतात. पहिल्यांदा तर जास्तच, कारण खूण बनवायला वेळ जातो. त्या दिवसांत येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा आली. आमच्या दारावरून माणसांचा पूर चाललेला आणि मी घरात.

दरवर्षी मी डोंगर चढून जायची. यंदा पाय निघेना. पोटावर लघवीची पिशवी बांधून देवीसमोर कसं उभं राहायचं? कुणाला विचारायची लाज वाटत होती. यात्रेला आलेल्या भावजयीनं तर परस्परच ठरवून टाकलं होतं. म्हणाली, "वन्सं, यंदा लांबूनच हात जोडा."

माझ्या सासूबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणजे नको ते ऐकू येत नाही. त्यांनी शेंगांवरची नजर न काढता विचारलं, "काय झालं जायाला?"

मी पदरावरूनच पोटाकडं बोट दाखवलं.

"ती पिशवी व्हय? ती आदी आत हुती. आता भाईर हाय. देवळात तवा बी नेतच हुतीस की."

मी लुगडं बदललं आणि निघाले. भावजय मागून आली. वाटेत तिनं माझ्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं.

*

हा किस्सा अगदी छोटा आहे. परतताना आम्ही चहाला थांबलो होतो. एक टापटीप माणूस सादिकभाईला म्हणाला, "गाडीत जागा दिसतेय. येरमाळ्यापर्यंत सोडता का?"

सादिकभाई म्हणाला, "ना भाई, ये पेशल गाडी है."

"स्पेशल म्हणजे? काय लागतं बसायला?"

आप्पा बशीतला चहा फुंकत होते. म्हणाले, "आधी आपरेशन करून या."

*

पहिले रिपोर्ट तिघांचे एकाच दिवशी मिळाले. एकेकाला आत बोलावलं. आधी आप्पा. बाहेर आले, "साफ हाय" म्हणाले, पटका नीट केला, बसले. मग मी. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या रक्तात खूण नाही. फोटोही साफ आहे. औषध नको, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या." मी मॅडमना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. 

शेवटी नवनाथ गेला. त्याला वेळ लागला. बाहेर आला तेव्हा हातात कागद होता आणि तो त्याच्या बारीक बारीक घड्या घालत होता.

फोटो आमच्यासारखाच साफ, पण रक्तात खूण होती.

गाडीत बसलो. सादिकभाई येताना नेहमी गाणी लावतो, त्यानं लावली नाहीत. सोलापूर मागं पडलं, तुळजापूरचा घाट आला. आप्पा एका खिडकीतून बाहेर बघत होते, मी दुसऱ्या. मला घरी फोन करून सांगायचं होतं. लेक वाट बघत असणार. पण नवनाथच्या शेजारी बसून "मी सुटले" असं कसं म्हणायचं? फोन दोनदा वाजला, दोनदा मी बंद केला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नवनाथच बोलला.

"ताई, उचला तो फोन. आणि जरा हसा की. तुमची तोंडं बघून वाटतंय रिपोर्ट तुमचेच खराब आलेत."

मी फोन उचलला. लेकीला एवढंच म्हणाले, "चांगलं आहे गं. घरी येऊन सांगते." नवनाथनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला म्हणाला, "तुझ्या आईला आज गोड करून घाल. खवा मी देतो."

सादिकभाईनं नंतर सांगितलं, भूमला उतरताना मात्र त्याला गाडीचं दार उघडता येईना. सादिकभाई खाली उतरला, त्यानं दार उघडलं आणि भट्टीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला.

*

नवनाथचं औषध सुरू झालं. ही केमो नव्हे. शरीराची आपली आपण राखण करायची जी ताकद असते, तिला जागं करणारं सलाईन, दर काही आठवड्यांनी. केस जात नाहीत, त्यामुळं आजारी असल्याचा पुरावा लोकांना दिसत नाही. हीच त्याची अडचण झाली.

त्याची बायको मंगल चांगली शहाणी बाई. भट्टीचा सगळा व्यवहार तीच बघते. पण तिला एक कोडं सुटेना. एकदा ती गाडीत बरोबर आली आणि मलाच विचारू लागली. "ताई, फोटोत काही नाही. हे भट्टीवर उभे राहतात, जेवतात, भांडतात. मग सुई कुणाला चाललीय?"

मी म्हणाले, "जे दिसत नाही त्याला."

"न दिसणाऱ्याला मी आजवर फक्त नैवेद्य दाखवलाय," ती म्हणाली.

औषधानं नवनाथच्या अंगाला खाज सुटली आणि थकवा असा आला की खव्याच्या कढईत उलथणं फिरवताना हात थांबायचे. आपण बरे असताना औषधानंच आपल्याला आजारी पाडलं, असं त्याच्या मनानं घेतलं. तिसऱ्या सलाईननंतर परतताना तो सरळ म्हणाला, "बास झालं. पुढच्या खेपेला माझी वाट बघू नका."

मी समजावलं. सादिकभाईनं समजावलं. नवनाथ नुसता अंग खाजवत राहिला.

आता मधल्या काळात आप्पांचंही एक झालं होतं, ते सांगायचं राहिलं. पहिला रिपोर्ट चांगला आल्यावर त्यांनी मॅडमला सांगून टाकलं होतं, "आता रगात द्यायचं न्हाय. चांगलं निघालं न्हवं? मंग कशाला सारखं उकरायचं?" मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमची मर्जी आप्पा. पण एकदाच बघून भागत नाही. दार कायम उघडं आहे." तेव्हापासून आप्पा फक्त फोटो काढायला आणि पिशवी दाखवायला यायचे. रक्त द्यायची वेळ आली की बाहेर जाऊन झाडाखाली बसायचे.

तर त्या दिवशी गाडीत सगळं बोलून संपल्यावर आप्पा म्हणाले, "नवनाथा, तू सुई का घेत न्हाईस?"

"कंटाळा आला आप्पा. काही दिसत न्हाय, कशाशी भांडायचं?"

"आन् म्या रगात का देत न्हाय?"

नवनाथ म्हणाला, "तुम्ही भिता."

"व्हय," आप्पा म्हणाले. "भितो. दोघांचं एकच हाय. तुला दिसत न्हाय म्हणून नगं, मला दिसंल म्हणून नगं." मग सादिकभाईच्या पाठीकडं बघत म्हणाले, "तू फुडच्या खेपेला सुई घे. म्या रगात देतो. तू न्हाय आलास तर म्या बी न्हाय. मंग ताईला एकटीलाच जाऊ दे सोलापूरला."

 पुढच्या खेपेला गाडी भूमला पोचली तेव्हा नवनाथ रस्त्यावर येऊन उभा होता, असं सादिकभाईनं मला सांगितलं. आप्पांनी दार उघडलं, बाजूला सरकले आणि म्हणाले, "बस. म्या उपाशी निघालोय रगात द्यायला." या रक्ताला उपाशी राहायची गरज नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग नवनाथनं त्यांना वाटेत भजी खाऊ घातली.

*

औषध चालू असताना नवनाथचंही रक्त तपासत होते. खूण वाढतेय की उतरतेय, त्यावरून औषध लागू पडतंय का ते कळतं. आधी थोडी उतरली. मग आणखी. आणि एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "या वेळी सापडली नाही."

मंगल बरोबर होती. तिनं विचारलं, "म्हणजे गेलं ना?"

मॅडम म्हणाल्या, "तसं मला म्हणता येणार नाही. आजच्या रक्तात सापडलं नाही, एवढंच सांगू शकते. औषध ठरल्याप्रमाणं पुरं करायचं आणि बघत राहायचं."

नवनाथचा चेहरा पडला. त्याला मोठं उत्तर हवं होतं. पण मंगलनं पिशवीतून डबा काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "आजचं सांगितलंत तेवढं पुरे. उद्याचं उद्या येऊन विचारीन."

डब्यात पेढे होते. मॅडमनी एक घेतला. नवनाथ दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता आणि मंगल त्याच्याकडं न बघता सगळ्यांना पेढे वाटत होती.

*

आता आप्पांचा किस्सा. हा आमच्यासमोर घडलेला नाही. मॅडमनी सांगितला, तोही आप्पा शेजारी बसलेले असताना आणि त्यांना विचारून. आप्पांच्या सुया आता चालू आहेत. अंग खाजतं म्हणून कुरकुरतात, पण खेप चुकवत नाहीत, आणि मागच्या वेळी त्यांची खूण बरीच उतरलेली निघाली. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं. भजी खाऊन त्यांनी जे रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला त्या दिवसाचं.

रक्तात खूण सापडली होती. मॅडम म्हणाल्या, "असलं फोनवर सांगणं मला पटत नाही. पण बोलवायचं तर आप्पा कारण विचारणार, आणि माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही. म्हणून केबिनचं दार लावून घेतलं, काय बोलायचं ते मनाशी नीट जुळवलं आणि फोन लावला."

"आप्पा, मी सोलापूरहून डॉक्टर बोलतेय. तुमचा रिपोर्ट आलाय."

"आला व्हय? मॅडम, जरा दम धरा. फोन खाली ठिवतो. कट करू नगा."

मग फोनमध्ये नुसता माळावरचा वारा. मेंढरांचं ओरडणं. जवळच कुठली तरी मेंढी धापा टाकत होती आणि आप्पांचा आवाज येत होता, दबका, सलग. "व्हय गं बाय. व्हय. आलं, आलं. घाबरू नगं." असा आवाज आम्ही गाडीत कधी ऐकला नाही.

बाहेर पेशंट ताटकळलेले. नर्स दोनदा डोकावली, मॅडमनी तिला हातानंच परत पाठवलं. "फोन ठेवून नंतर करता आला असता," त्या म्हणाल्या, "पण ठेवला गेला नाही."

मग एक बारीक आवाज आला, कोकराचा. मॅडमना वाटलं, झालं. पण मेंढी पुन्हा धापा टाकायला लागली, आप्पा पुन्हा तिच्याशी बोलायला लागले, आणि बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक.

आप्पांनी फोन उचलला. "हं मॅडम. मोकळी झाली. दोन हायेत. आता सांगा."

मॅडमनी सांगितलं. रक्तात दिसतंय, फोटो काढावा लागेल, नवनाथला देतो तेच औषध द्यावं लागेल, सोमवारी या.

पलीकडं आप्पा घोंगड्यानं कोकरू पुसत असल्याचा आवाज आला.

मग आप्पा म्हणाले, "सोमवारी येतो. पर मॅडम, दुसरं लई नाजूक हाय. आजून उभं न्हाय राह्यलं. तवर थांबता का फोनवर?"

"मग?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "मग काय. थांबले."